खोली, कॅबिनेट आणि वारा : घरगुती संगणकाच्या शीतनाचा इतिहास व शिरूर कासारचे उदाहरण

(१) विषयप्रवेश

संगणकाचा इतिहास लिहिताना गणनेचा वेग आणि स्मृतीचा विस्तार या दोन गोष्टींस प्राधान्य देण्याची प्रथा आहे. यंत्रात शिरणाऱ्या विजेचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या इतिहासात बहुधा उपेक्षित राहतो. वास्तविक संगणकास दिलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. यंत्राने ताळेबंद मांडला, चित्र रेखाटले अथवा पत्र लिहिले, तरी या हिशेबात फरक पडत नाही. ही उष्णता कोणत्या साधनाने वाहून न्यावयाची, आणि त्या वाहतुकीचा खर्च व आवाज कोणी सोसावयाचा, या प्रश्नांची उत्तरे गेल्या ऐंशी वर्षांत वेळोवेळी बदलत आली आहेत.

सुटे भाग आणून घरीच संगणक जुळविणाऱ्या माणसापुढे हा प्रश्न आज अगदी व्यावहारिक स्वरूपात उभा राहतो. कॅबिनेट चारी बाजूंनी बंद घ्यावे की उघडे? पंखे किती व केवढे बसवावेत? ते शांत कसे राहतील? यासंबंधी एक समज सर्वत्र आढळतो. तो असा की, आपला प्रदेश उष्ण असल्यामुळे उघडे कॅबिनेटच आपणांस अधिक सोयीचे. वारा जितका मोकळा, तितके यंत्र थंड. हा समज वरवर पाहता तर्कशुद्ध वाटतो. तथापि संगणकाच्या आवरणाचा इतिहास आणि बालाघाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावाची परिस्थिती यांचा एकत्र विचार केला असता तो टिकत नाही. उघडे कॅबिनेट घेणे म्हणजे आवरणाचे काम खोलीवर सोपविणे होय, आणि म्हणून निवडीचा आरंभ खोलीपासून झाला पाहिजे, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

उदाहरणादाखल घेतलेले गाव बीड जिल्ह्यातील शिरूर कासार हे होय. महाराष्ट्रात शिरूर नावाची गावे अनेक असल्यामुळे ‘कासार’ हे पद जोडून ते ओळखले जाते. गाव सिंदफणा नदीच्या काठी वसलेले आहे. १९९१ च्या जनगणनेच्या वेळी बीड जिल्ह्यात सात तालुके होते; २००१ च्या जनगणनेत ते अकरा झाले, व नव्या तालुक्यांत शिरूर कासारचा समावेश होता. पर्जन्य बेताचा, जमीन काळी व मुरमाड, मे महिन्यात दिवसाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास अथवा त्याहून वर, आणि हवा अत्यंत कोरडी, असे या भागाचे सामान्य वर्णन करता येईल.

(२) खोली हेच आवरण

पहिल्या पिढीच्या गणकयंत्रांना आजच्या अर्थाने कॅबिनेट नव्हते. १९४६ मध्ये फिलाडेल्फिया येथे जाहीर करण्यात आलेल्या एनिॲक या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या व त्यास सुमारे १५० किलोवॉट वीज लागे. नळ्यांमधून वारा खेळविण्यासाठी मोठे झोतपंखे बसविणे भाग पडले. यंत्राने संपूर्ण दालन व्यापलेले असे, आणि ते दालन हाच यंत्राचा देह होता असे म्हणावयास हरकत नाही.

भारतातील याच जातीचे उदाहरण मुंबईचे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली गणकयंत्राची बांधणी झाली. प्रारंभी एक प्रायोगिक यंत्र तयार करण्यात आले. पूर्ण आकाराचे यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. हे सर्व १८ फूट लांब, अडीच फूट रुंद व ८ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात बसविलेले असून मंडलांपर्यंत हात पोहोचावा म्हणून त्यास दोन्ही बाजूंनी पोलादी दारे होती. केवळ नळ्यांचे तंतू तापविण्यास प्रत्येकी दोन वॉट इतका माफक हिशेब धरला, तरी एकूण ५.४ किलोवॉट होतात. म्हणजे एक किलोवॉटच्या पाचांहून अधिक विजेच्या शेगड्या एकाच खोलीत अखंड पेटत्या ठेवण्यासारखेच ते होते.

या यंत्रांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सांगाड्याची दारे उघडी टाकून तंत्रज्ञ काम करू शकत; कारण त्याभोवतीची खोली संस्थेच्या ताब्यात असे. त्या खोलीत कोण येईल, किती धूळ येईल व हवा किती गार राहील, हे संस्था ठरवी, आणि त्याचा खर्चही तीच सोशी. १९६४ मध्ये याच संस्थेत आलेले सीडीसी ३६०० हे यंत्र ट्रान्झिस्टरांचे होते. नळ्या गेल्या, तरी यंत्रासाठी स्वतंत्र, वातानुकूलित खोली राखण्याची पद्धत पुढील काळातही देशोदेशी चालू राहिली. पायांतील वहाणा बाहेर काढून संगणककक्षात जाण्याचा शिरस्ता आपल्याकडील अनेक कचेऱ्यांत नि शाळांत दीर्घकाळ होता. तो काहींना विनोदी वाटे. परंतु त्यामागे खोली हेच यंत्राचे आवरण आहे ही जाणीव होती.

संस्थांच्या यंत्रांनी हा मार्ग पुढेही सोडला नाही. पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) १९९१ मध्ये परम ८००० सादर केला. २००७ मध्ये पुण्यातच उभारलेला ‘एका’ हा महासंगणक त्या वर्षीच्या नोव्हेंबरमधील जागतिक यादीत चौथा आला. त्याच्या कपाटांची मांडणी जवळजवळ वर्तुळाकार करण्यात आली होती. २०१९ मध्ये पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत बसविलेल्या परम ब्रह्ममध्ये तापणाऱ्या भागांच्या अगदी निकट द्रव खेळवून उष्णता काढून घेण्याची योजना करण्यात आली. साधने बदलली, खोली, वारा व पाणी यांचा भार संस्थेने उचलावयाचा हे तत्त्व मात्र बदलले नाही.

येथे एक कालसाम्य नोंदविण्याजोगे आहे. टिफ्रॅक कार्यान्वित झाले त्याच वर्षी, २० जून १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली. मराठवाड्यातील बहुसंख्य खेड्यांत विजेचा दिवा त्यानंतरच लागला. मुंबईत गणकयंत्राची उष्णता कशी काढावी याचा विचार चालू असता बीड जिल्ह्यातील खेडी विजेच्या तारेची वाट पाहत होती. पुढे पन्नास वर्षांच्या आत दोन्ही प्रश्न एकाच घरात येऊन भेटले.

(३) आवरण घरात येते

वैयक्तिक संगणकाने खोलीचा हा भार गृहस्थाच्या माथी मारला. १९७६ मध्ये विक्रीस आलेला ॲपल-१ हा केवळ एक जुळविलेला बोर्ड होता. त्यास कॅबिनेट नव्हते. कळफलक व वीजपुरवठा ग्राहकाने मिळवावयाचा असे, आणि कित्येकांनी त्यासाठी लाकडी पेट्या स्वतः करून घेतल्या. घरगुती संगणकाचा आरंभच असा उघड्या रूपात झाला, हे आजच्या उघड्या कॅबिनेटांचा विचार करताना विसरता कामा नये. १९७७ च्या ॲपल-२ ला प्लॅस्टिकचे आवरण मिळाले व त्यात पंखा नव्हता. १९८० च्या ॲपल-३ मध्येही पंखा टाळण्यात आला; परंतु ते यंत्र तापण्याच्या आणि चिपा बैठकीतून सैल होण्याच्या तक्रारींमुळे गाजले. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात ६३.५ वॉटचा वीजपुरवठा असून त्यातच एक पंखा बसविला होता. तोच पंखा पेटीतील हवा ओढून मागे फेकी. १९८४ च्या मॅकिन्टॉशने पुन्हा पंखा वर्ज्य केला आणि वरच्या बाजूस खाचा ठेवून तापलेली हवा आपोआप वर जाईल अशी व्यवस्था केली.

याच सुमारास आवरण बंद व धातूचे असावे यासाठी एक निराळे कारण उत्पन्न झाले. गणकमंडलांतील जलद स्पंदांमुळे रेडिओ व दूरचित्रवाणीच्या ग्रहणात व्यत्यय येतो. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९७९ मध्ये यासंबंधी नियम केले, आणि घरगुती यंत्रांसाठी कार्यालयीन यंत्रांपेक्षा कडक मर्यादा घातली. पुढे अन्य देशांतही असे नियम आले. आज कॅबिनेटची बाजू पत्र्याची असते व ती स्क्रूने घट्ट आवळलेली असते, यामागे शेजाऱ्याच्या रेडिओचे संरक्षण हाही हेतू आहे. मध्यम लहरींवरील आकाशवाणी ऐकणाऱ्याच्या घरात उघडा संगणक रेडिओलगत ठेवला असता खरखर वाढते, ती याच कारणाने.

(४) उष्णता वाढते, आवाज वाढतो

१९८० च्या दशकातील प्रोसेसर हवेत उघडा राहूनही निभावत असे. १९९३ च्या पहिल्या पेंटियमने सुमारे १५ वॉट उष्णता बाहेर टाकण्यास आरंभ केला, आणि प्रोसेसरवर धातूच्या पात्यांचा हीटसिंक व त्यावर छोटा पंखा हे दृश्य नित्याचे झाले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा आराखडा प्रसृत केला. मदरबोर्ड, एसएमपीएस व कॅबिनेट यांची मापे त्याने निश्चित झाल्यामुळे निरनिराळ्या उत्पादकांचे सुटे भाग एकत्र जुळविणे सुलभ झाले. २००४ च्या सुमारास काही पेंटियम-४ प्रोसेसरांची निर्धारित उष्णता ११५ वॉटपर्यंत पोहोचली. अकरा वर्षांत सातपटींहून अधिक झालेली ही वाढ कॅबिनेटच्या इतिहासातील निर्णायक घटना होय. पेटीच्या पुढे, मागे, वर असे पंखे वाढत गेले, आणि त्यांचा घरघराट घराच्या नित्यव्यवहाराचा भाग बनला.

महाराष्ट्रात हीच वर्षे जुळविलेल्या संगणकाच्या प्रसाराची आहेत. नोव्हेंबर १९८४ च्या केंद्रीय संगणक धोरणाने आयातीची वाट मोकळी केली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाल्यावर सुट्या भागांवरील जकात क्रमाने उतरली. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पूर्वी रेडिओच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध होता. तो आता ‘असेंबल्ड’ संगणकाचे माहेर झाला. तेथून व पुण्याहून भाग जिल्ह्याच्या ठिकाणी येत व तेथील दुकानदार ते जुळवून देत. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली व त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्यांच्या गावी पोहोचली. २०११ पासून ‘संग्राम’ योजनेने ग्रामपंचायतींतही संगणक नेला. वातानुकूलित खोली मात्र या यंत्राबरोबर आली नाही.

आवाजाचे गणित येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पंख्याच्या नियमांनुसार वाऱ्याचे प्रमाण फेऱ्यांच्या सम प्रमाणात, तर एकाच घडणीच्या पंख्यांत व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. आवाज फेऱ्यांबरोबर फार वेगाने वाढतो : फेरे निम्मे केले असता तो सुमारे १५ डेसिबलने उतरतो. ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजी त्याच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा घेतला, तर तेवढाच वारा तिसऱ्या हिश्शाहून कमी फेऱ्यांत मिळतो, आणि हिशेबाने आवाज सुमारे १४ डेसिबलने घटतो. यास्तव शांततेचा पहिला उपाय पंखा मोठा व मंद ठेवणे हा होय. मात्र मंद पंख्याचा दाबही उतरतो. वरील उदाहरणात तो सुमारे पाचव्या हिश्शावर येतो. अशा पंख्यापुढे बारीक विणीची छोटी जाळी लावली तर वारा कोंडतो. म्हणून मंद पंख्यास फिल्टर द्यावयाचा तो मोठ्या क्षेत्रफळाचा दिला पाहिजे.

दुसरा उपाय धातूचा. उष्णता वाहून नेण्याच्या कामी तांबे ॲल्युमिनियमहून बरेच सरस आहे, व पितळ तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकेही भरत नाही. कासाराच्या दुकानात शेजारी मांडलेल्या या दोन धातूंतील हे अंतर डोळ्यांना दिसत नाही. चांगल्या कूलरचा तळ तांब्याचा, त्यातून निघणाऱ्या उष्णतावाहक नळ्याही तांब्याच्या आणि वरची पाती हलक्या ॲल्युमिनियमची असतात. नळीत थोडे द्रव बंद केलेले असते. तापलेल्या टोकास त्याची वाफ होते, थंड टोकास ती निवून पुन्हा द्रव होते व आतल्या सच्छिद्र अस्तरातून माघारी येते. या नळीस यांत्रिक हालचाल नाही, म्हणून आवाजही नाही. पाती जितकी विस्तीर्ण, तितका पंखा मंद ठेवता येतो.

(५) पुन्हा उघडे कॅबिनेट

प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डे तपासणारे तंत्रज्ञ प्रथमपासून उघड्या मांडणीवर काम करीत. भाग वारंवार बदलावयाचे असता झाकण अडचणीचे होते. या कार्यशाळेतील मांडणीस पुढे दिवाणखान्यात स्थान मिळाले. २००८ मध्ये ॲन्टेक कंपनीने ‘स्केलेटन’ नावाचे उघडे कॅबिनेट आणले. त्याच्या माथ्यावर २५० मिलिमीटरचा एकच मोठा पंखा होता. २०१५ मध्ये थर्मलटेकचे ‘कोअर पी५’ आले. ते भिंतीवर टांगताही येई. यंत्राचे अंतरंग पाहण्याची हौस हा या प्रकारांच्या लोकप्रियतेचा एक भाग आहे. परंतु त्यांचे खरे गुणही मान्य केले पाहिजेत.

उघड्या मांडणीत ग्राफिक्स कार्डाने फेकलेली गरम हवा पेटीत कोंडून पुन्हा प्रोसेसरच्या वाट्यास येत नाही. कॅबिनेटचे स्वतंत्र पंखे गाळता येतात, आणि जितके पंखे कमी तितका आवाजाचा उगम कमी. साफसफाई सुलभ होते. छतावरचा पंखा चालू असता त्याचा वाराही यंत्रास लाभतो. दुसऱ्या बाजूस, जे पंखे उरतात त्यांचा आवाज अडविण्यास काहीच राहत नाही, आणि ग्राफिक्स कार्डाची बारीक गुणगुण थेट कानावर येते. मदरबोर्डावरील वीजनियंत्रक भागांवरून पेटीतील झोत जाई, तो बंद होतो. व्यत्ययापासून संरक्षण जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उघड्या यंत्रास जी हवा मिळते ती खोलीतील हवा, जशी असेल तशी, न गाळता मिळते. टिफ्रॅकच्या तंत्रज्ञांना दारे उघडी ठेवणे परवडले ते खोलीच्या बळावर. तीच गोष्ट स्वच्छ, वातानुकूलित प्रयोगशाळेतील उघड्या मांडणीची. परीक्षणांतून प्रसिद्ध होणारे तापमानाचे आकडे अशाच खोल्यांतले असतात.

(६) शिरूर कासारच्या खोल्या

मराठवाड्यातील गावात आज तीन प्रकारची छपरे शेजारीशेजारी दिसतात. जुने घर माळवदाचे : लाकडी तुळयांवर व फळ्यांवर मातीचा जाड थर, भिंती रुंद, खिडक्या थोड्या, आणि उजेडासाठी व धुरासाठी छतात साणे. दुसरे पत्र्याचे, तिसरे सिमेंटच्या स्लॅबचे. संगणकाच्या दृष्टीने या तिन्हींचा विचार निरनिराळा केला पाहिजे.

माळवदाखालची खोली भर उन्हाळ्यात दुपारीही सुसह्य असते. जाड मातीमुळे उन्हाची धग आत पोहोचण्यास विलंब लागतो, आणि तापलेली हवा साण्यातून वर निघून जाते. मॅकिन्टॉशने वरच्या खाचांतून जे साधले, त्याचे तत्त्व साण्याच्या तत्त्वाहून वेगळे नाही. परंतु माळवदातून माती झडते. उघडे यंत्र तेथे ठेवले, तर गारव्याचा लाभ होतो आणि मदरबोर्डावर वरून मातीचा सडा पडतो. पत्र्याखाली माती झडत नाही. तथापि दुपारी तो पत्राच तापून खोली बाहेरच्या हवेहून अधिक गरम होते. स्लॅबची खोली तुलनेने स्वच्छ राहते, पण दिवसभर शोषलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहते, आणि विद्यार्थ्याच्या अभ्यासाची वेळ नेमकी तीच असते.

कोणताही पंखा यंत्रास खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. यंत्र व हवा यांतील अंतर तो फक्त कमी करतो. खोली २५ अंशांवरून ४० अंशांवर गेली की यंत्रातील प्रत्येक भाग सुमारे १५ अंशांनी चढतो, मग कॅबिनेट उघडे असो वा बंद. एसएमपीएस व मदरबोर्ड यांतील विद्युतपघटनी धारित्रांचे आयुष्य दर दहा अंशांस निम्मे होते असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. त्या नियमाने पंधरा अंशांच्या चढाने ते सुमारे एक तृतीयांशावर येते. एकदा पैसे जमवून घेतलेले यंत्र पाच-सात वर्षे टिकावे अशी ज्या घराची गरज असते, त्याच्या दृष्टीने हा आकडा प्रोसेसरच्या वेगाहून महत्त्वाचा आहे.

उघड्या मांडणीने या १५ अंशांतील काहीच कमी होत नाही. बंद व कोंदट पेटीच्या तुलनेत मिळणारा थोड्या अंशांचा लाभ तेवढा पदरी पडतो. त्याच्या मोबदल्यात काळ्या मातीची बारीक धूळ हीटसिंकच्या पात्यांत बसते. पात्यांमधील फटी बुजल्या की वारा अडतो, तापमान चढते, यंत्र पंख्याचे फेरे आपोआप वाढविते, आणि शांततेसाठी स्वीकारलेली मांडणी काही महिन्यांत गोंगाट करू लागते. यात पालींचा व मुंग्यांचा उपद्रव मिळवावा. विजेच्या दाबाखालील उघड्या मंडलावर पाल पडणे ही गावातील घरात केवळ कल्पनेतली गोष्ट नव्हे.

उन्हाळ्यात पाण्याचा कूलर लावणाऱ्या घरात आणखी एक बाब संभवते. कोरड्या हवेत तो उत्तम काम देतो व खोली निश्चित गार करतो. पण त्याचा झोत उघड्या बोर्डावर आला, तर ओलाव्याबरोबर जड पाण्यातील क्षार व धूळ चिकटून राहते. आणि पाणी टँकरने आणावे लागते अशा वर्षी कूलरच बंद पडतो. आवाजापुरते पाहिले, तर कूलर व छतपंखा चालू असता संगणकाची घरघर त्यांत बुडून जाते. शांत पंख्याचे मोल कळते ते हिवाळ्याच्या रात्री, एकाच खोलीत कोणी झोपलेले आणि कोणी अभ्यास करीत असता.

बंद कॅबिनेटला वारा किती लागतो याचा हिशेब मोठा नाही. यंत्र १५० वॉट उष्णता टाकीत असेल व आतील हवा खोलीपेक्षा सरासरी दहा अंशांहून अधिक तापू द्यावयाची नसेल, तर ताशी सुमारे ५० घनमीटर हवा पुरते. मंद फिरणारे १२० अथवा १४० मिलिमीटरचे दोन पंखे हे काम गाळणीतूनही सहज करतात. ते पुढच्या बाजूने हवा आत ढकलतील असे लावावेत, व बाहेर फेकणारा पंखा एकच, त्यांहून मंद ठेवावा. आत जाणारी हवा बाहेर ओढल्या जाणाऱ्या हवेहून अधिक असली की पेटीत किंचित अधिक दाब राहतो आणि फटींतून धूळ आत शिरण्याऐवजी हवा बाहेर पडते. पुढचा दर्शनी भाग काचेचा नसून सच्छिद्र जाळीचा असावा, व फिल्टर स्क्रू न काढता निघावा. कारण येथे तो उन्हाळ्यात दर आठवड्यास झटकावा लागेल. पंख्याचा धारवा साध्या बुशाचा न घेता द्रवधारव्याचा अथवा छर्ऱ्यांचा घ्यावा; उष्णतेने वंगण सुकून साधा पंखा लवकर कुरकुरू लागतो. वीज कमी पिणारा प्रोसेसर निवडणे हा तर सर्वांत स्वस्त शीतनोपाय होय, कारण जी उष्णता उत्पन्नच झाली नाही ती काढण्यास पंखा लागत नाही.

(७) निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, संगणकाचे आवरण नाहीसे कधीच झाले नाही. ते एकदा खोलीचे होते, मग पेटीचे झाले, आणि उघड्या कॅबिनेटाने पुन्हा खोलीकडे सोपविले. दुसरी, हवामान उष्ण आहे एवढ्यावरून उघडी मांडणी योग्य ठरत नाही. उष्णतेबरोबर धूळ असेल तर निर्णय उलट दिशेस झुकतो. तिसरी, शांतता विकत घ्यावयाची तर ती मोठ्या मंद पंख्यांत, विस्तीर्ण हीटसिंकमध्ये व फिल्टरच्या क्षेत्रफळात घ्यावी. झाकण काढून मिळणारी शांतता स्वच्छ खोलीपुरतीच टिकते.

शिरूर कासारमध्ये स्लॅबच्या, दारे-खिडक्या घट्ट बसणाऱ्या आणि रोज झाडल्या जाणाऱ्या खोलीत उघडे कॅबिनेट चालू शकेल. परंतु त्या घरास यंत्र दर पंधरवड्यास पुसण्याचे बंधन स्वीकारावे लागेल. माळवदाखाली व पत्र्याखाली गाळणीचे बंद कॅबिनेटच इष्ट, आणि दोहोंत निवड करावयाची असेल तर माळवदाखालची गार जागा पत्करून वरच्या मातीपासून संरक्षणार्थ यंत्रावर हातभर उंचीवर फळी ठोकणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय. माळवद, पत्रा व स्लॅब या तिन्ही छपरांखालील तापमानाची व फिल्टरवर साचणाऱ्या धुळीची वर्षभराची तुलनात्मक नोंद तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयास एक साधा तापमापक व एक तराजू यांच्या साह्याने करता येण्याजोगी आहे. अशी नोंद सिद्ध झाल्यास जुळविलेल्या संगणकाची निवड परदेशी परीक्षणांऐवजी स्थानिक अनुभवाच्या आधारे होऊ लागेल.